उजवी कळी

२ मे, नार्वे

टक्... टक्... टकाटक, टक्.

आज पहाटे या आवाजाने जाग आली. उठून बसलो तर कुठेच काही वाजत नव्हतं. पंखा फिरत होता, आणि नदीच्या बाजूने पहिल्या फेरीबोटीचं इंजिन खोकत होतं. त्या बोटीवर मी सदतीस वर्षं काढली. ते खोकणं मला झोपेतही ओळखू येतं. हे टकटक वेगळं होतं, गुरुजींच्या शिसवी पट्टीचं. चौथीत कविता सुरू करण्याआधी ते शब्द सांगतच नसत. पट्टीने मेजावर नुसता ताल धरायचे आणि म्हणायचे, "आधी ताल पोटांत वचूं दी, मागीर शब्द तोंडांत घेयात." ताल पोटात गेला की मगच शब्द तोंडात. आम्ही चाळीस पोरं बाकांवर बोटं आपटायचो. बाहेर आंब्यावरचे कावळे उडून जायचे.

बासष्ट वर्षं झाली. पट्टी अजून कानात आहे.

दुपारी तनयाचा फोन आला. ही माझी नात, संतोषची मुलगी. दोन वर्षं झाली, तिकडे हिमाचलात लाहौलच्या खोऱ्यात एका संस्थेच्या शाळेत शिकवते. गोवा सोडून बर्फात जाऊन राहिली म्हणून सूनबाई अर्चना अजून डोळे पुसते. मी वरवर पुसतो. आतून मला त्या पोरीचा हेवा वाटतो.

"आजोबा, या वर्षी यायचंच. तीस तारखेला शाळेचा कार्यक्रम आहे. दोन वर्षं नुसतं येतो येतो म्हणताय."

येतो म्हटलं. मन एकदम हलकं झालं. तेवढ्यात ती म्हणाली, "आणि शिवदासआबांना पण आणा हं. मुलं त्यांची वाट बघतायत."

कुठली मुलं? त्याची कसली वाट? विचारायचं राहूनच गेलं.

४ मे

शिवदासाविषयी लिहायला हवं, नाहीतर दुसरं काही सुचणार नाही.

तो आणि मी एकाच बाकावर. पुढे तो पेडण्याकडे हायस्कुलात मराठीचा मास्तर झाला, मी बोटीवर दोर बांधायला लागलो. त्याला शाली मिळाल्या, नारळ मिळाले, कुठल्या कुठल्या मंडपांत कविता म्हणायला बोलावणी आली. आता मांद्र्याला मुलाच्या गेस्टहाऊसात राहतो. रशियन बायका त्याला 'गुरुजी' म्हणतात. गुरुजी! आमच्या गुरुजींची पट्टी ज्याच्या हातावर सर्वांत जास्त वाजली, तो.

पण ते सगळं मी सोडून दिलंय. सोडलं नाही ते एकच.

गोवा मुक्त झाल्याच्या पुढच्या वर्षी नव्या सरकारचा कोणी साहेब शाळा बघायला येणार होता. गुरुजींनी सांगितलं, न पाहिलेल्या गावावर काही ओळी लिहून आणा. सगळ्यांनी पणजी लिहिली. मी लिहिलं,

पांढऱ्या डोंगरामागे गाव कुणाचे असेल?
तिथल्या नदीच्या काठी कोण एकले बसेल?
दारावरी थाप देता आतून कोण हसेल?

गुरुजींनी तीनदा वाचलं. वाटलं, आता मला उभं करतील. त्यांनी शिवदासाला उभं केलं. "गोपाळाचो आवाज फाटको. शिवदासा, तू म्हण." त्याने म्हटली. साहेबाने त्याला हिरवं फाउंटन पेन दिलं, पाठ थोपटली आणि म्हणाला, "छान लिहितोस रे!"

शिवदास काहीच बोलला नाही. 'ही माझी नाही' एवढे तीन शब्द. नाही बोलला.

ते पेन त्याच्याकडे अजून आहे. मी पाहिलंय.

७ मे

शिवदासाचा फोन आला. तनयाने त्याला आणायला मला सांगितलं खरं, पण त्याला तिने आधीच कळवून टाकलं होतं. आवाजात नुसता उत्साह.

"गोप्या, बर्फ रे बर्फ! ह्या जन्मांत घडलें तर आतांच. पण एक गोष्ट आसा."

दोन वर्षांमागे त्याच्या हृदयात जाळी बसवलीय. डॉक्टर म्हणतात, जपून जायला हरकत नाही. मुलगा म्हणतो, नको. सून म्हणते, देवीला विचारा. शेवटी ठरलं की गावच्या देवीचा कौल लावायचा आणि ती देईल तसं करायचं. पण परवा त्याची चुलत वहिनी वारली. घरात सुतक. सुतकात देवळाची पायरी चढता येत नाही आणि सुतक फिटेपर्यंत अठरा तारीख उजाडणार. विमानाची तिकिटं तर दोन दिवसांत काढायला हवीत.

"तू वच माझ्याखातीर. तुजें उतर तें देवीचें उतर."

शब्द देवीचा आणि विश्वास माझ्यावर. माझ्यावर एवढा विश्वास ठेवू नये, हे त्याला इतक्या वर्षांत कळलं नाही?

८ मे

सकाळी आंघोळ करून देवळात गेलो. मे महिन्याचं ऊन, पाषाणाच्या फरशीचा गारवा मात्र पायांना बरा वाटला. भटजींना सगळं सांगितलं. त्यांनी देवीच्या अंगावर ओल्या कळ्या डावी-उजवीकडे चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "आई, तुजो हो लेक शिवदास, हिमालयांत वचपाचें मनांत आसा. बरें आसल्यार उजवी दी, ना जाल्यार डावी."

मी डोळे मिटले. देवाशी खोटं बोलता येत नाही, म्हणून लिहितो: डावी पडावी असं मी मनात म्हटलं. तिथे गेल्यावर काय होईल ते मला दिसत होतं. तनया त्याच्याभोवती, ती मुलं त्याच्याभोवती, आणि पांढऱ्या डोंगरासमोर उभं राहून तो माझी कविता म्हणणार. माझ्या आवाजात नाही, त्याच्या.

भटजी म्हणाले, "पळे, उजवी! किती स्वच्छ पडली." कळी देवीच्या उजव्या हाताखालून सरळ घरंगळून पायाशी आली होती. विचार करायलाही तिने वेळ घेतला नाही.

घरी आलो. पाववाला पोदेर उंडे देऊन गेला होता. चहात बुडवून एक खाल्ला, दुसरा राहिला.

९ मे

सांगितलं.

"डावी पडली रे," म्हटलं.

तो म्हणाला, "बरें. आईन सांगलां तर बरेंच." आणि मग, "तू तरी वच, गोप्या. आणि माका थंयचो एक फातर हाड. ल्हानसो. नदीतलो."

म्हणजे माझ्याकडून एक दगड हवा त्याला. रागावला असता तर बरं झालं असतं.

त्याच्या हृदयाचा विचार करून मी हे केलं. तिथे हवा विरळ आहे. उंच जागी जाळी बसवलेला माणूस! काही झालं असतं तर? दहा हजार फूट. मी त्याला वाचवलंच आहे.

हे दोनदा लिहून पाहिलं. दोन्ही वेळा अक्षर वाकडं आलं.

१९ मे

मोपाच्या विमानतळावर आहे. अर्चनाने पिशवीत मानकुरादचे आंबे, सोलं, काजू आणि तीन बाटल्या पाणी दिलं. पाणी आत नेऊ देत नाहीत हे तिला तिसऱ्यांदा सांगितलं. आंबे गेले, पाणी राहिलं.

माझ्या शेजारची खुर्ची रिकामी आहे. लहानपणी आम्ही ठरवलेलं, जायचं तर दोघांनी.

हे कशाला आठवलं?

२१ मे, लाहौल

तनया दिल्लीला घ्यायला आली होती. रात्रभर बस, मग गाडी, मग तो मोठा बोगदा. नऊ किलोमीटर! आत शिरताना अलीकडे हिरवे देवदार, बाहेर पडलो तर झाडं गायब. उघडे तपकिरी डोंगर, आणि त्यांच्या मागे, वर, अगदी वर, पांढरे.

बोगदा संपायला जेवढा वेळ लागला तेवढाच नार्वे ते दिवाडी बोटीला लागतो. आयुष्यभर मी दहा मिनिटांत या काठावरून त्या काठावर गेलो आणि काठ कधी बदलला नाही. इथे दहा मिनिटांत सगळं जगच बदललं.

तनयाच्या गावाचं नाव मला उच्चारता येत नाही. सपाट छपरांची पन्नास घरं, खाली नदी, राखेच्या रंगाची, सारखी बोलणारी. विलोच्या झाडांना आता कुठे पालवी येतेय. लोक वाटाणा पेरतायत. तनया डोलमा नावाच्या बाईंच्या घरात भाड्याने राहते. बाई साठीच्या, हसऱ्या, त्यांना माझ्यापेक्षा बरं हिंदी येतं. दार उघडताच माझ्या मागे बघितलं.

"अकेले आए? वो दूसरे दादाजी?"

बूट काढायच्या आधीच!

२२ मे

डोकं फुटतंय. दोन पायऱ्या चढलो की छातीत भाता. तनयाने झोपवून ठेवलंय. "उंचीचं आहे आजोबा, दोन दिवसांत जाईल," म्हणते. डोलमाबाई लोणी घातलेला खारट चहा पाजतात. पहिल्या घोटाला आमसुलाच्या सारासाठी जीव कासावीस झाला, तिसऱ्या कपाला सवय झाली.

बघा, हेच त्याला झालं असतं! जाळी बसवलेल्या माणसाला! मी अगदी बरोबर केलं.

अंथरुणातून जनेलाच्या काचेतून डोंगर दिसतो. मी चौथीत कल्पना केली होती तसाच आहे. तेव्हा न पाहता लिहिलेलं आता समोर आहे आणि मला उठून बसता येत नाही.

२४ मे

आज नदीवर गेलो. हळूहळू. काठावर गोल गुळगुळीत धोंडे, हजारो. एक सापडला, हिरवट, मधून पांढरी रेघ, जशी कोणी डोंगरकडा काढून ठेवलीय. किती सुंदर! खिशात टाकला, स्वतःसाठी. शिवदासाला एक करडा घेतला, साधा. त्यानेही "लहानसा" एवढंच सांगितलं होतं.

२५ मे

आज शाळेत गेलो. जे पाहिलं ते लिहायला हात होत नाही, पण लिहिल्याशिवाय चैनही नाही.

वर्गात सव्वीस मुलं. गाल लालबुंद, नाकं वाहणारी. तनयाने सांगितलं, "ये मेरे आजोबा हैं. गोवा से." एक चुणचुणीत मुलगी उठली. "शिवदास आबा?"

"नाही, दुसरे."

मुलीचा चेहरा पडला. तरी तिने मान हलवली आणि सगळ्यांकडे बघितलं. मग सव्वीस जणांनी बोटं बाकांवर ठेवली, आणि...

टक्... टक्... टकाटक, टक्.

मी भिंतीला धरलं. तनयाला वाटलं, दम लागला.

दहा हजार फुटांवर, बर्फाखाली, मराठीचा एक शब्द न येणाऱ्या पोरांच्या बोटांत माझ्या गुरुजींची पट्टी! आणि मग त्यांनी कविता म्हटली. 'पांढऱ्या डोंगरामागे'. 'ढ' ला 'ड' म्हणत, 'ण' ला चुकवत, पण ताल एका मात्रेनेही चुकला नाही.

"गेले पाच महिने शिवदासआबा दर शनिवारी फोनवर शिकवतात," तनया म्हणाली. "आधी ताल, मग शब्द. मुलं वेडी झालीत त्यांच्यासाठी. तुम्हाला सांगू नको म्हणाले होते, सरप्राइज म्हणून."

सरप्राइज! माझी कविता, माझी नात, माझा डोंगर, आणि मी यायच्या आधी पाच महिने तो इथे बसलाय. मांद्र्याला समुद्रकाठी खुर्चीत बसून! रागाने माझे कान तापले. इतक्या वर्षांनी परत तेच, ओळी माझ्या आणि आवाज त्याचा. साहेबांच्या जागी आता हे सव्वीस साहेब.

घरी येऊन झोपलो. जेवलो नाही.

२६ मे

तनया भांडायला आली. "कालपासून तोंड का फिरवलंय? बघितलंत ना भिंतीवर?"

"काय?"

"आजोबा, तुम्ही वर्गात भिंत बघितलीच नाही?"

परत गेलो. फळ्याच्या शेजारी मोठा कागद, त्यावर कविता, शिवदासाने लिहून पोस्टाने पाठवलेली. अक्षर ओळखलं. हिरवी शाई, त्या पेनची. खाली लिहिलेलं,

कवी: गोपाळ, इयत्ता चौथी, नार्वे.

मी कितीतरी वेळ तिथे उभा होतो. आता जे लिहितोय ते आजवर कुणाला सांगितलं नाही, शांतालासुद्धा नाही. ती तर माझी बायको होती.

तिसरी ओळ माझी नाही.

दोन ओळींवर मी अडलो होतो. आदल्या संध्याकाळी आम्ही नदीकाठी बसलो होतो. त्याने पाण्यात खडा टाकत सहज म्हटलं, "दारार थाप मारली जाल्यार? भितर कोण हांसतलो?" मी घरी जाऊन ते मराठीत बसवलं. सकाळी गुरुजींना दिलं ते माझं म्हणून. साहेबाने पाठ थोपटली तेव्हा तो गप्प राहिला, कारण त्याने तोंड उघडलं असतं तर तिसरी ओळ त्याची निघाली असती आणि माझी चोरी उघडी पडली असती. हे मला तेव्हा कळलं नाही म्हणू की कळून घ्यायचं नव्हतं म्हणू?

आणि कागदावर तिन्ही ओळींखाली एकट्या माझं नाव.

मी त्याला डावी सांगितली.

२७ मे

फोन करायचा ठरवलं. सांगणार होतो, उजवी पडली होती. कार्यक्रम तीन दिवसांवर आहे, ये म्हणून काही उपयोग नाही, तरी सांगणार होतो. नंबर लागत नाही. सकाळी, दुपारी, चारला. बंद.

मग अर्चनाला केला. ती म्हणाली, "शिवदासमामा गेल्या आठवड्यात गावात येऊन गेले की. सुतक फिटल्यावर देवीला दिवा लावायला. भटजींशी बराच वेळ बोलत बसले होते. आपल्याकडे चहालाही थांबले नाहीत."

भटजींशी. बराच वेळ.

फोन ठेवला. म्हणजे कळलं त्याला. माझ्या तोंडातून कळायच्या आत भटजींच्या तोंडून कळलं. चहालाही थांबला नाही. आता फोन बंद. मनात एकच येतं, जाळी. धक्का बसला असेल तर? मुलाचा नंबर माझ्याकडे नाही. तनयाला म्हटलं, तू मुलाला विचार. ती म्हणाली, "विचारते हं," आणि निघून गेली. हसत! या पोरीला काळजी कशी ती नाहीच.

नंतर ती डोलमाबाईंकडून एक जादा गादी मागून घेऊन आली. कार्यक्रमाला कोणी मोठे साहेब येणार असतील.

२८ मे

अजून फोन नाही. जेवणात लक्ष नाही. डोलमाबाईंनी तांदूळही आज जास्त टाकलाय, मी खात नाही म्हणून चिडवायला असेल.

तनया म्हणते, परवा कविता तुम्ही म्हणायची, आबा नाहीत तर तुम्हीच. फाटक्या आवाजात म्हणेन. तिन्ही ओळी झाल्या की मुलांना सांगेन की शेवटची दुसऱ्याची आहे. तेवढं तरी.

दोन्ही धोंडे जनेलात ठेवलेत. करडा आणि हिरवा. हिरवा उचलून कागदात बांधला आणि वर शिवदासाचं नाव लिहिलं. करडा माझ्याकडे राहील. तोही काही वाईट नाही, उलटा धरला की थोडा चमकतो.

चार वाजलेत. ऊन डोंगराच्या खांद्यावर आलंय. खाली रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला. तनया जिना उतरून पळत गेली, मला आतून कडी घालायला सांगून. घातली. आता कोणी चढतंय. सावकाश. एक पायरी, थांबणं, एक पायरी. साहेब असावेत. मी तर अजून स्वेटरसुद्धा घातलेला नाही.

दारावर थाप पडली.

टक्... टक्... टकाटक, टक्.

पेन हातातच आहे. उठायचं सुचत नाही.

बाहेरून आवाज आला, "गोप्या! थाप मारली मरे. आतां हांस मूं!"

दहा हजार फूट चढून आलाय आणि आवाजाला धापसुद्धा नाही. माझं डोकं दोन दिवस फुटत होतं आणि ह्याला काहीच नाही! देवीने उजवी दिली ती याला काय उगाच?

तो परत वाजवतोय. कडी आतून आहे. मलाच काढायला हवी.